दूरच्या संगणकाची स्क्रीन

घरी लिनक्स, ऑफिसात विंडोज. तरी घरबसल्या तिथली स्क्रीन उघडता येते. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत जन्मलेली व्हीएनसी ही त्यासाठीची सोय १९९८मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिची युक्ती मला फार सुंदर वाटते. दूरचा संगणक नुसतं स्क्रीनचं चित्र पाठवतो, तेही बदललेला भाग तेवढाच. आपल्याकडून जातात कीबोर्डची बटणं आणि माऊसच्या हालचाली. म्हणूनच दोन्हीकडची प्रणाली वेगळी असली तरी अडत नाही.

याच कामासाठीची विंडोजची स्वतःची सोय, आरडीपी, सहसा अधिक चपळ. लिनक्सवर ती रेमिना या मोफत सॉफ्टवेअरनं वापरता येते. मात्र समोर विंडोजची होम नव्हे, प्रो आवृत्ती हवी. आणि कळकळीनं सांगते, आरडीपीचं ३३८९ क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटवर थेट उघडं ठेवू नका. आधी व्हीपीएन, म्हणजे सुरक्षित खासगी मार्ग, जोडा, मगच आत शिरा.