जुने कॉफी-भाजणयंत्र घेताना
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



या व्यासपीठावरून यापूर्वी संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर अधिकारी वक्ते बोलून गेले आहेत. त्या मानाने माझा आजचा विषय अगदीच बाजारी म्हणावा लागेल. परंतु बंगळूरात स्थिरावलेल्या आपल्या काही कुटुंबांत कॉफी भाजून विकण्याचा विचार चालू आहे, हे मी जाणतो. निवृत्तीच्या वेळी हाती आलेला भविष्यनिर्वाह निधी ज्या यंत्रात गुंतावयाचा, त्याविषयी चार शब्द बोलणे अस्थानी होऊ नये.

कॉफीशी आपला मूळचा परिचय बेताचाच. दुधात उकळून, साखर-जायफळ घालून केलेली कॉफी पाहुण्यापुढे ठेवावी, एवढाच. डिकॉक्शनची गोडी आपल्याला या शहराने लावली. बाबाबुडन यांनी अरबस्तानातून सात बिया आणल्याची कथा ज्या डोंगराशी निगडित आहे, तो चिकमगळूरचा डोंगर येथून एका दिवसाच्या प्रवासात पाहून येता येतो. पूर्वी बागाईतदाराला आपले पीक कॉफी बोर्डाच्या स्वाधीन करावे लागे. १९९६ पासून सर्व माल खुल्या बाजारात विकण्याची मुभा त्याला मिळाली. त्यामुळे थोडक्या भांडवलाचा मनुष्यही आज थेट बागेतून चार पोती आणू शकतो. अडते ते भाजणयंत्रापाशी. नवे परवडत नाही, म्हणून जुने पाहावयाचे.

यंत्र पाहावयास निघण्यापूर्वी आपण विकणार किती, याचा हिशेब कागदावर मांडावा. पाच किलोचे यंत्र घेतले, तर त्यात चार किलोच कच्ची बी घालावी म्हणजे भाजणी नीट होते. तासाला तीन घाणे धरले तर बारा किलो झाली. भाजताना पाण्याचा अंश उडून वजन साधारण सहाव्या हिश्शाने घटते. म्हणजे हाती दहा किलो येते. पाच तासांत पन्नास. एका घराला महिन्याला अर्धा किलो लागते असे मानले, तर शंभर घरांची महिन्याची कॉफी एका दिवसात भाजून होते! असे असता ‘स्वस्त मिळते आहे’ म्हणून तीस किलोचे धूड घरी आणण्यात काय हशील? शिवाय मोठा ड्रम अर्ध्याहून कमी भरला की तापमापकाचे टोक दाण्यांत बुडत नाही आणि काटा भलतेच सांगू लागतो.

आता यंत्राची परीक्षा. रंगाकडे आणि चकचकीत पितळेकडे पाहू नये. रंग विक्रीच्या आदल्या दिवशीही देता येतो. पट्टा, तापमापक, फार काय मोटरसुद्धा बदलता येते. पाहावयाचा तो ड्रम आणि त्याचा शाफ्ट. आत विजेरी टाकून पत्रा वाकला आहे काय, वेल्डिंगला चीर आहे काय, हे न्याहाळावे. ड्रम हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकावा. पुढचे बेअरिंग आगीच्या सान्निध्यात असते, ते आधी झिजते. मग ड्रम आणि पुढची तबकडी यांमधील फट पाहावी. ती फार असेल तर दाणे अडकतात, फार थोडी असेल तर तापल्यावर लोखंड फुगून ड्रम घासू लागतो. म्हणूनच यंत्र आपण पोचण्यापूर्वी तापवून ठेवू नये, असे विक्रेत्यास आधीच बजावावे. थंड यंत्र आपल्या देखत सुरू व्हावे आणि आपण नेलेल्या बियांचे निदान तीन घाणे लागोपाठ निघावेत.

पहिल्या घाण्यावरून काही कळत नाही. दुसरा-तिसरा पाहावा. सुमारे दोनशे अंशांच्या आसपास दाणे लाह्यांसारखे तडतडू लागतात. तेथपर्यंत पोचण्यास दोन्ही घाण्यांना सारखाच वेळ लागतो की नाही, आणि रंग सर्वत्र एकसारखा आहे की नाही, हे तपासावे. भाजून उतरलेले दाणे पंख्याने चार-पाच मिनिटांत निवले पाहिजेत, अन्यथा ते ताटातही भाजतच राहतात. धुराचा पंखा आणि निवविण्याचा पंखा वेगळे असतील तर उत्तम. एकच असेल तर एक घाणा निवेपर्यंत पुढचा खोळंबतो.

नाकाचाही उपयोग करावा. पूर्वी त्यात मिरच्या किंवा धने भाजले असतील, तर तो वास सहजी जात नाही. दाण्यांवरचा पापुद्रा उडून धुराड्यात साचतो, त्यावर तेलकट काजळी चढते आणि ती पेट घेते. धुराडे उघडून दाखविण्यास जो विक्रेता तयार नसेल, त्याचा निरोप घ्यावा हे बरे.

परदेशी यंत्रांचा मोह आपल्याकडे मोठा. ती भक्कम असतात, यात वाद नाही. परंतु अमेरिकेतील वीज साठ आवर्तनांची आणि आपली पन्नासांची. तेथली मोटर येथे सहाव्या हिश्शाने मंद चालते, आणि तिच्याबरोबर ड्रम व पंखाही. नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूसाठी केलेले बर्नर आपल्या सिलिंडरवर तसेच लावणे तर धोक्याचे. कारण आपला वायू त्याच आकारमानात अडीचपट उष्णता देतो. छिद्रांचे जेट जाणत्याकडून बदलून घ्यावे लागतात. देशी बनावटीच्या यंत्राचा मोडलेला भाग पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा लेथवालाही करून देईल, ही सोय थोडी नव्हे.

आणि आता पैसा. समजा, पाच लाख जमविले आहेत. माझ्या मते त्यातील तीनच यंत्राला द्यावेत. वाहतूक, थ्री-फेज जोडणी, धुराडे, दुरुस्ती, खाद्यपदार्थांचा परवाना, दळण्याची चक्की, कच्च्या बियांची पोती हे सारे उरलेल्या दोहोंतून निघावयाचे आहे. घरगुती सिलिंडर या कामी चालत नाही, एकोणीस किलोचा व्यापारी सिलिंडर घ्यावा लागतो. चिकोरी मिसळणार असाल तर कॉफीचे प्रमाण एकावन्न टक्क्यांहून कमी नको, आणि ते प्रमाण पाकिटावर छापलेच पाहिजे. वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांशी धुराविषयी आधीच बोलून ठेवावे. भाजणीचा सुगंध प्रत्येकाला सुगंध वाटतोच असे नाही.

सौदा ठरला की यंत्र सुटे करण्यापूर्वी चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी, आणि बिलावर मोटरचा क्रमांक लिहून घ्यावा. ड्रम आडवा न्यावा, शाफ्टवर भार येऊ देऊ नये. लॉरीवाल्याला हे दोनदा सांगावे.