एकच नियम, एकच शिटी
(स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी वर्गाइतकेच मोल मैदानाला दिले. म्हणूनच आज मैदानावरचा एक प्रश्न मी विचारार्थ घेतला आहे. शालेय बास्केटबॉलमध्ये सगळे पंच नियमांची अंमलबजावणी सारखीच करतात काय, आणि करीत नसतील तर त्याची किंमत कोण मोजतो? विषय लहान वाटेल. परंतु मुलाची न्यायाशी पहिली गाठ न्यायालयात पडत नाही, ती पंचाच्या शिटीशी पडते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व पटेल.

बास्केटबॉल हा खेळ नियमांतूनच जन्मला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तेरा नियम लिहून सूचनाफलकावर लावले आणि त्यानंतर पहिला सामना खेळला गेला. हिवाळ्यात बंदिस्त जागेत तरुणांनी एकमेकांना इजा न करता खेळावे, हा त्यामागील हेतू होता. म्हणून चेंडू घेऊन धावण्यास मनाई झाली. खांद्याने ढकलणे, धरणे, पाय घालून पाडणे हे अपराध ठरले. नेस्मिथने अधिकारीही दोन नेमले. एकाने चेंडूकडे पाहायचे, दुसऱ्याने माणसांकडे. हा दुसरा अधिकारी नसता, तर या खेळाची धक्काबुक्की व्हायला वेळ लागला नसता.

आज अमेरिकेत हायस्कुलांच्या स्पर्धा राज्यांच्या क्रीडासंघटना चालवितात आणि त्यांची शिखरसंस्था राष्ट्रीय पातळीवरील नियम ठरविते. ही संस्था १९२० मध्ये स्थापन झाली. ती नियमपुस्तकासोबत आणखी एक पुस्तक काढते. त्यात अमुक प्रसंग घडला तर निर्णय काय, अशी उदाहरणे दिलेली असतात. यंदा कोणत्या नियमांकडे विशेष लक्ष द्यावे, हेही ती पंचांना कळविते. एवढा खटाटोप कशासाठी? कारण हे पंच बहुतेक पोटापाण्याचा दुसरा व्यवसाय सांभाळून संध्याकाळी मैदानावर येणारे नागरिक असतात. एका गावचा पंच जे चालवून घेतो, ते शेजारच्या गावचा पंच चालवून घेत नाही. पुस्तक एकच असले तरी वाचणारे डोळे अनेक असतात.

याचे एक बोलके उदाहरण म्हणजे चेंडू टप्पे देत नेणाऱ्या खेळाडूला हाताने अडविणे. नियमाने ते पूर्वीपासूनच गैर होते, परंतु किती स्पर्श चालेल हे ज्याचे त्याने ठरवावे, अशी स्थिती होती. परिणामी वेगाने खेळणारा, शरीराने किरकोळ मुलगा मागे पडे आणि दांडगाईला बचावाचे नाव मिळे. २०१४-१५ च्या हंगामापासून अमेरिकेच्या शालेय नियमांत चार कृती स्पष्ट नोंदविण्यात आल्या: चेंडू नेणाऱ्यावर दोन्ही हात ठेवणे, पसरलेला हात आडवा लावणे, एक हात ठेवून तो तसाच राहू देणे, आणि एकाच किंवा आळीपाळीने दोन्ही हातांनी पुन:पुन्हा स्पर्श करणे. यांपैकी काही घडले की फाउल. असा नियम पहिल्यांदा काटेकोर लावला जातो तेव्हा शिट्या वाढतात, सामना रेंगाळतो, प्रेक्षक कुरकुरतात. परंतु खेळाडूंचे हात शिस्त शिकतात ते शिटी ठाम असेल तरच. दोन सामन्यांनंतर पंच नरमला, तर मुले एवढाच धडा घेतात की नियम चार दिवसांचा पाहुणा असतो.

येथे कोणी म्हणेल, मग पंचाची विवेकबुद्धी कशासाठी? शंका रास्त आहे. खेळताना होणारा प्रत्येक स्पर्श अपराध नसतो. दोघे एकाच सैल चेंडूकडे झेपावले आणि आदळले, तर तो अपघाती स्पर्श ठरू शकतो. ही मुभा नियमानेच दिलेली आहे. नियमाला अभिप्रेत नसलेला लाभ कोणाला मिळू नये, हा नियमांचा हेतूही तेच पुस्तक सांगते. म्हणजे घडले काय, हे ठरविण्याचा अधिकार पंचाचा आहे. परंतु घडलेल्या कृतीला नियम लावायचा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्याला नाही. नियम बाजूला सारण्याची सत्ता कोणत्याही पंचाला नाही. शेवटच्या मिनिटाला शिटी गिळणे, दोन्ही बाजूंचे फाउल सारखे दिसावेत म्हणून हिशेब जुळविणे, यजमान शाळेची मर्जी राखणे, यांना विवेक म्हणता येत नाही. ज्या मुलाने नियमाप्रमाणे सराव केला, त्याच्यावरच या उदारतेचा भुर्दंड पडतो.

आता दुसरी बाजू पाहू. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात एका हायस्कूलच्या विद्यार्थिनीला विभागीय अंतिम सामन्यात खेळता आले नाही. धार्मिक श्रद्धेपोटी ती हिजाब परिधान करीत असे आणि त्यासाठी राज्य संघटनेची लेखी परवानगी हवी, असा तेव्हाचा नियम होता. त्या हंगामातील आधीचे चोवीस सामने तिचा संघ खेळला, तेव्हा कोणत्याही पंचाने ही अट पुढे केली नव्हती. ती पुढे आली ती अंतिम सामन्याच्या वेळी. नंतर संघटनेच्या अधिकाऱ्यांनी खेद व्यक्त केला आणि पुढे राष्ट्रीय नियमांतून ही परवानगीची अट निघाली.

या घटनेवरून अनेकांनी असा निष्कर्ष काढला की काटेकोर पंचाने अन्याय केला. मला त्यात अधिक खोल दोष दिसतो. पहिल्याच सामन्यात नियम दाखविला असता, तर अर्ज करण्यास सारा हंगाम हाती होता आणि ही अट अन्यायकारक आहे, ही चर्चाही तेव्हाच सुरू झाली असती. चोवीस वेळा झालेल्या डोळेझाकीने वाईट नियम झाकून ठेवला आणि पंचविसाव्या वेळी त्याचा घाव एका मुलीवर पडला. नियम सर्वांना सारखा लागला की त्यातील दोषही सर्वांना दिसतो. दयेची जागा नियम करणाऱ्यांच्या बैठकीत आहे. तेथे ती शिरली तर सर्वांपर्यंत पोहोचते. शिटीत शिरली तर एखाद्याच्याच वाट्याला येते.

हा विचार बडोद्याला नवा नाही. हुतूतू गावोगावी निरनिराळ्या रीतींनी खेळला जात असे. त्याचे नियम १९२३ मध्ये छापून निघाले आणि त्याच वर्षी त्या नियमांनुसार याच शहरात अखिल भारतीय स्पर्धा भरली. परगावच्या खेळाडूला आपल्या गावाइतकाच न्याय येथेही मिळेल, हा विश्वास त्या छापील कागदाने दिला.

आपल्या शाळांच्या स्पर्धांसाठी म्हणून मी तीनच सूचना करतो. स्पर्धेपूर्वी सर्व पंच आणि प्रशिक्षक यांची एकत्र बैठक व्हावी आणि ज्या नियमांवर मतभेद होतात, त्यांचे अर्थ तेथे उदाहरणांनिशी सांगितले जावेत. जे अंतिम सामन्यात पाहायचे, ते पहिल्या सामन्यापासून पाहिले जावे. एखादा नियम मुलांवर अन्याय करीत असेल, तर तो मैदानावर न वाकविता समितीकडे लेखी कळवावा. माजी विद्यार्थ्यांपैकी जे कधीकाळी खेळले, त्यांनी पंचाची परीक्षा देऊन हे काम अंगावर घेतले, तर शाळेचे ऋण फेडण्याचा तोही एक मार्ग ठरेल.

लहान शाळेचा मुलगा जिल्ह्याच्या मैदानावर उतरतो, तेव्हा त्याच्याजवळ ना ओळख असते ना नाव. तेथील नियम आपण शिकलो तोच आहे, एवढाच त्याचा आधार असतो. तो आधार सुटू न देणे हे शिटी हाती घेणाऱ्याचे कर्तव्य होय. गुरुजींच्या स्मृतीला विनम्र अभिवादन करून मी माझे भाषण संपवितो.