वारा सगळ्यांचा, सातबारा कोणाचा?

(महिला कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजचा विषय फळ्यावर वाचून तुमच्यापैकी काहीजणींना वाटले असेल की पवनऊर्जा हा इंजिनियर लोकांचा विषय, तो आपल्या शिबिरात कशाला? दारू, हुंडा, मारहाण, पोटगी हे आपले विषय. काही वर्षांपूर्वी मलाही असेच वाटत होते. एम.एस.डब्ल्यू. करून मी सातारा जिल्ह्यातल्या डोंगरी भागात कामाला लागले, तेव्हा गावाच्या वरच्या सड्यावर पवनचक्क्या फिरत होत्या. बचत गटाच्या पहिल्याच बैठकीत एका मावशींनी विचारले, "ताई, ही चक्की दळते तरी काय?" सगळ्याजणी हसल्या. मीही हसले आणि वाऱ्यापासून वीज कशी होते ते मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. मावशींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हंजी दळण आमच्या दारात आन् पीठ दुसऱ्याच्या घरात."

त्या दिवशी मला त्यांना उत्तर देता आले नाही. आज तेच देण्याचा प्रयत्न करणार आहे. त्यासाठी आधी पवनऊर्जेची चांगली बाजू नीट समजून घेऊ, कारण अर्धवट माहितीवर विरोध करणे आपल्याला शोभणार नाही.

आपल्या राज्याची बरीचशी वीज कोळशातून येते. कोळशाची एक युनिट वीज तयार होताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. राख पडते ती वेगळीच. शिवाय पाणी लागते. केंद्र सरकारने २०१५ साली जुन्या औष्णिक केंद्रांना जी मर्यादा घालून दिली, तीच एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची आहे. २०१३ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातले परळीचे वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. त्याच वर्षी मराठवाड्यातल्या बाया टँकरमागे घागरी घेऊन धावत होत्या. पवनचक्कीला पाणी लागत नाही, कोळसा लागत नाही, राख होत नाही. बांधणीचा सगळा हिशोब धरला तरी एका युनिटमागचा कार्बन कोळशाच्या तुलनेत नगण्य आहे. दोन मेगावॅटची एक चक्की चांगल्या जागी वर्षाला सुमारे ४४ लाख युनिट वीज देऊ शकते. महिन्याला शंभर युनिट वापरणारी साडेतीन हजारांहून अधिक घरे त्यावर चालतील. धरणासारखी गावेच्या गावेही त्यात बुडत नाहीत. कोयनेच्या परिसरात काम करणाऱ्या बाईला हे वेगळे सांगावे लागत नाही. १९६० च्या दशकात त्या धरणाने ज्यांना उठवले, त्यांच्या नातवंडांच्या तोंडीही अजून तो विषय असतो.

म्हणून वाऱ्याची वीज हवी की नको असे मला कोणी विचारले तर मी हवी असेच म्हणेन.

आता तिच्या मर्यादा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते, आणि वेग थोडा कमी झाला तरी वीज एकदम घटते. म्हणून जिथे भरपूर वारा आहे अशाच जागा लागतात, आणि त्या आपल्याकडे बहुतेक डोंगरमाथ्यावर, पठारावर असतात. वारा बारा महिने सारखा नसतो. आपल्याकडे वर्षाची निम्म्याहून बरीच जास्त वीज पावसाळ्याच्या आगेमागे, मे-जून ते सप्टेंबरमध्ये तयार होते. रब्बीच्या गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायचे असते तेव्हा वारा पडलेला असतो. म्हणजे नुसत्या वाऱ्यावर भागत नाही. जोडीला सूर्य, पाणी, साठवण असे काहीतरी लागतेच. भारताने २०२५ साली पवनऊर्जेत ५० हजार मेगावॅट क्षमतेचा टप्पा ओलांडला. पण ही क्षमता झाली, प्रत्यक्ष वीज नव्हे. वर्षभराची सरासरी काढली तर क्षमतेच्या पाव हिश्श्याहूनही कमीच वीज हाती येते.

सुरुवातीच्या काळात तर वीज किती तयार होते याची कोणाला फार फिकीरही नव्हती. १९९० च्या दशकात पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा दाखवता येत असे. त्यामुळे ज्यांना वाऱ्याशी काही देणेघेणे नव्हते त्यांनीही आयकर वाचवण्यासाठी चक्क्या घेतल्या. पाटण तालुक्यात वनकुसवडे, सातारा तालुक्यात चाळकेवाडी या पठारांवर याच दशकाच्या अखेरीपासून चक्क्या उभ्या राहू लागल्या. मालक शहरात आणि चक्की आमच्या सड्यावर, हे तेव्हापासूनचे.

पर्यावरणाचेही प्रश्न आहेत. चाळकेवाडीच्या पठारावर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले आणि त्यामुळे सरड्यांची संख्या वाढली. पुणे जिल्ह्यात भीमाशंकरजवळ झालेल्या प्रकल्पाबद्दल माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ सालच्या अहवालात लिहिले आहे: रस्त्यांसाठी जंगल तोडले गेले, डोंगर खचले, मातीची धूप झाली, वनहक्कांकडे लक्ष दिले गेले नाही आणि पिढ्यान् पिढ्या त्या डोंगरावर जाणाऱ्या लोकांची वाट पहारेकऱ्यांनी अडवली. चक्की स्वतः थोडीच जागा घेते हे खरे. पण तिच्यापर्यंत जाणारा रुंद रस्ता, तारा, कुंपण यांचा हिशोब कोणी सांगत नाही. पंचवीस वर्षांनी चक्की म्हातारी झाली की तिची ती अवाढव्य पाती कोण उचलणार, हाही प्रश्न आहे. पाती काचतंतूंची असतात, ती भंगारात सहज वितळत नाहीत.

एक गैरसमजही दूर केला पाहिजे. दुष्काळाच्या वर्षांत 'पवनचक्क्यांनी ढग पळवले' असे गावोगावी बोलले गेले. हे खरे नाही. मोसमी पाऊस हजारो किलोमीटरच्या वाऱ्यांवर ठरतो, शे-दीडशे मीटरच्या चक्कीवर नाही. पण मी त्या बायांना अडाणी म्हणणार नाही. आपले काहीतरी पळवले गेले आहे हे त्यांना नेमके कळले होते. फक्त काय पळवले ते सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हता आणि आमच्यासारख्या शिकलेल्यांनी तो दिला नाही.

हे मी माझ्या अनुभवावरून सांगते आहे. त्या गावात एक परित्यक्ता बाई होती, तिला आपण अक्का म्हणू. नवऱ्याने टाकल्यावर ती माहेरी राहत होती. सड्यावरच्या वडिलोपार्जित पडीत ती शेळ्या चारायची, सरपण आणायची, पावसाळ्यात थोडी नाचणी करायची. एक दिवस ती माझ्याकडे आली. जमिनीसाठी एजंट आला होता आणि भाऊ तिला तालुक्याला नेऊन एका कागदावर सही कर म्हणत होता. "ताई, करू का?" मी विचारले, कशासाठी? ती म्हणाली, चक्कीसाठी. मी म्हटले, करा की, चांगल्या कामाला जाते आहे जमीन, धूर नाही की प्रदूषण नाही.

तो कागद मी वाचला नाही. ते हक्कसोडपत्र होते. वडिलांच्या जमिनीतला तिचा हिस्सा तिने भावाला सोडून दिला, भावाने जमीन विकली, पैसे त्याच्या खात्यावर आले. अक्काला साडीचोळी मिळाली. वर्षभरात शेळ्या विकल्या गेल्या, कारण चारायचे कुठे? मग घरात तिची अडचण होऊ लागली. ती शहरात धुण्याभांड्याच्या कामाला गेली. पुढे आम्ही वकिलाला भेटलो. फसवणूक झाल्याचे सिद्ध करावे लागेल, दिवाणी दावा लावावा लागेल, असे तो म्हणाला. अक्का म्हणाली, "भावावर केस घातली तर माहेर तुटंल. आता तेवढंच हाये."

मैत्रिणींनो, महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलीला जन्मतः वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा मिळाला. हा कायदा मला पाठ होता, मी त्यावर परीक्षेत उत्तर लिहिले होते. पण पुढ्यात पवनऊर्जेसारखी चांगली गोष्ट होती म्हणून कागद वाचावासा मला वाटला नाही. ही माझी चूक आहे आणि ती मी इथे मुद्दाम सांगते आहे. 'चांगल्या कामासाठी' म्हटले की आपण प्रश्न विचारायचे थांबतो.

यात वाऱ्याचा दोष नाही. धरणाला, महामार्गाला, औद्योगिक वसाहतीला जमीन गेली तेव्हाही हेच झाले. बाई जमीन कसते, पण सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे. म्हणून फायद्याच्या वेळी तिला कोणी विचारत नाही. सरपण, चारा, वाट यांची तर कुठल्याच कागदावर नोंद नसते. नोंदच नाही तर भरपाई कशाची मागणार? उलट पैसा आला की त्यामागून दलाल आणि गुंड येतात. बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली, तेव्हा पवनऊर्जेच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी या हत्येचा संबंध असल्याचे आरोपपत्रात म्हटले गेले. ज्या गावात असे वातावरण असेल तिथे ग्रामसभेत बाई तोंड उघडेल का, याचा विचार करा.

मग याला दुसरा रस्ता आहे की नाही? आहे. तामिळनाडूत कोइम्बतूर जिल्ह्यातल्या ओडनथुराई ग्रामपंचायतीने २००६ साली बँकेचे कर्ज काढून स्वतःची ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली. पंचायतीची गरज भागून उरलेली वीज ती मंडळाला विकू लागली. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या समुद्रात २००० साली वीस चक्क्या उभ्या राहिल्या. त्यातला निम्मा वाटा आठ हजारांहून अधिक सामान्य नागरिकांच्या सहकारी संस्थेचा होता. सहकारात साखर कारखाने उभे करणाऱ्या महाराष्ट्राला हे अशक्य नाही. आपल्याकडे २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या खुर्च्यांवर बसून विचारायचे प्रश्न हेच आहेत.

म्हणून आपल्या भागात पवनचक्की येणार असे कळले की या गोष्टी धरून बसायच्या. जमीन विकण्याऐवजी भाडेपट्ट्याने द्यावी आणि भाडे दरवर्षी नवरा-बायको दोघांच्या नावे यावे. बहिणीची सही असलेला प्रत्येक कागद तिला ग्रामसभेत वाचून दाखवावा. चराईची, सरपणाची, पाणंदीची वाट करारात लिहून घ्यावी. चक्कीवरच्या कराचा हिशोब फळ्यावर लावावा. आणि चक्की निकामी झाल्यावर ती काढून नेण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरवावे. यातली एकही मागणी पवनऊर्जेच्या विरोधात नाही. उलट असे झाले तरच लोक तिला आपली म्हणतील.

शेवटी एक काम सांगते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने माहेरचा आणि सासरचा, दोन्हीकडचे सातबारे काढून आणा. आता ते मोबाइलवरही पाहता येतात. त्यावर आपले नाव आहे का, होते का, कधी गेले, एवढेच आपण एकमेकींना वाचून दाखवू. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारची वाचून दाखवेल. कागद नीट वाचल्याशिवाय मी आता कोणालाही सल्ला देत नाही. तुम्हीही देऊ नका.