नऊ एकांचा गुणाकार

कागदावर नऊ वेळा एक लिहा: अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. आता या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि तसंच उतरायचं! गुणाकाराच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकतात. मधल्या घरातही नऊच एक जमतात, म्हणून हातचा कुठेच येत नाही. दहा एक घेतले की हातचा येतो आणि ही सुरेख रचना मोडते. नऊ एकांच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने या उत्तराला निःशेष भागही जातो. देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर अशा चढत्या-उतरत्या अंकांच्या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हणत. मुंबईजवळच्या डेम्लो रेल्वे स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली होती.