होडीचा तळ, पंप आणि तार

हिंगोली जिल्ह्यास समुद्र नाहीं. परंतु पाणी उपसण्याचें शास्त्र तेथील शेतकऱ्यास नव्यानें शिकविण्याचें कारण नाहीं. विहिरीवरील विजेचा पंप दूरच्या खांबापासून बारीक तारेनें चालविला, तर तो कण्हतो, तापतो आणि पाणी मात्र थोडें देतो, हें त्यानें अनेकदां पाहिलेलें असतें. पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरण याच जिल्ह्यांत आहे. अशा जलाशयावर मासे धरणारा मनुष्य लहान नावेंत सांठलेलें पाणी डब्यानें उपसून टाकतो. नाव लहान, मनुष्य जागा आणि डबा हाताशीं. म्हणून तेथें तेवढें पुरतें.

कोंकणच्या किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारी नौकेची स्थिति निराळी आहे. फळ्यांच्या सांध्यांतून, पंख्याचा दांडा जेथें तळांतून बाहेर पडतो त्या जागेंतून, पावसानें आणि मासळीवरील बर्फ वितळून तिच्या तळाशीं पाणी सतत सांठत असतें. तांडेल व खलाशी झोपलेले असले, किंवा नौका खाडींत एकटी नांगरलेली असली, तरी तें थांबत नाहीं. म्हणून तेथें तळाचा पंप बसवितात. त्यालाच बिल्ज पंप म्हणतात. ही गरज फार जुनी आहे. सिराक्यूझच्या हायरो राजाच्या प्रचंड गलबताचें वर्णन करतांना ग्रीक ग्रंथकार अथेनेयस सांगतो कीं, त्याच्या तळाचें पाणी आर्किमिडीजच्या मळसूत्री यंत्रानें एकटा मनुष्य उपसूं शके.

पाणी आंत किती वेगानें येतें, याची कल्पना बहुतेकांस नसते. पाण्याच्या पातळीखालीं अर्ध्या मीटरवर अडीच सेंटीमीटर व्यासाचें भोंक पडलें, तर त्यांतून मिनिटास सुमारें ५५ लिटर पाणी आंत येतें. भोंक पांच सेंटीमीटरचें झालें कीं हाच ओघ चौपट, म्हणजे सुमारें २२० लिटर होतो. आतां बाजारांत मिळणारा, तासास २,००० अमेरिकन गॅलनांचा पंप घ्यावा. हिशेबानें तो मिनिटास सुमारें १२६ लिटर पाणी फेंकतो. परंतु हा आंकडा बहुधा पाणी मुळींच वर न चढवितां मोजलेला असतो. नौकेंत तेंच पाणी मीटरभर वर चढवावयाचें, वांकड्यातिकड्या नळींतून न्यावयाचें, आणि तेंही उतरत्या विजेवर. त्यामुळें प्रत्यक्ष काम निम्म्यावर येणें ही नवलाची गोष्ट नाहीं. निम्में म्हणजे ६३ लिटर. अडीच सेंटीमीटरच्या एका भोंकाशीं तो पंप जेमतेम बरोबरी करील.

यावर साहजिक उपाय सुचतो तो मोठा पंप आणण्याचा. आणि चूक येथेंच होते, कारण पंप बदलतात पण तार जुनीच राहते. बॅटरीपासून पंप सहा मीटरवर असेल, तर वीज जाऊन परत येण्याचा मार्ग बारा मीटरांचा होतो. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेंत, पांच अँपियर घेणाऱ्या जुन्या पंपास बारा व्होल्टांपैकीं सुमारें ०.७ व्होल्ट वाटेंतच गमवावा लागतो. त्याच तारेवर पंधरा अँपियरचा नवा पंप जोडला, तर दोन व्होल्टांहून अधिक नाहींसे होतात आणि पंपापर्यंत दहाही व्होल्ट पोंचत नाहींत. चक्राचा वेग घटला कीं पाणी वर चढविण्याची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते. वेग नऊ-दशांश झाला, तर ही शक्ति शंभरांत ८१ उरते. मोठा पंप मोठा आवाज करतो, आणि पाणी वाढत राहतें. तारेची जाडी दहा चौरस मिलिमीटर केली, तर हीच घट सुमारें ०.३ व्होल्टावर येते.

तार बदलतांना आणखी कांहीं गोष्टी सांभाळाव्या लागतात. तांब्याच्या तारेस कथिलाचा मुलामा असावा. नाहीं तर खारट हवेनें ती आंतून काळी पडते. सांधे तळांत न ठेवतां उंचावर घ्यावे आणि त्यांत ओल शिरूं देऊं नये. फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ असावा, आणि त्याची मर्यादा तारेस सोसेल इतकीच ठेवावी. बारीक तारेवर मोठा फ्यूज बसविला, तर फ्यूज वितळण्याआधींच तार पेट घेते. पाणी वाढतांच पंप सुरू करणारें तरंगतें बटण मुख्य बटणाच्या आधीं, स्वतंत्र फ्यूजमधून थेट बॅटरीस जोडावें. कारण नौका सोडून घरीं जातांना खलाशी मुख्य बटण बंद करतो, आणि नेमक्या त्या रात्रीं पाण्यास अडविणारें दुसरें कोणी नसतें. पाणी बरेंच वर आल्यावर वाजणारी घंटा असावी, आणि हातानें चालणारा पंपही असावा. कारण बॅटरी बुडाली कीं विजेचे सारे पंप एकदमच थांबतात.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पावसाळ्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते आणि अनेक नौका किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. या कामास तो काळ सोयीचा. काम झाल्यावर परीक्षा सोपी आहे. तळांत पाणी ओतावें, तरंगतें बटण आपोआप उचललें जातें कीं नाहीं तें पाहावें. पंप चालत असतांनाच त्याच्या टोकांशीं व्होल्ट मोजावे. नळीच्या तोंडाशीं बादली धरून घड्याळ लावावें. डब्यावरील आंकडा कारखान्याचा असतो. बादलीनें दिलेला आंकडा त्या नौकेचा असतो. समुद्रांत माणसें ज्याच्या भरंवशावर झोपतात, तो आंकडा बादलीचाच असला पाहिजे.