पुढारी कसा निवडावा?



राजकीय पक्षांनी आपला पुढारी कोणत्या रीतीने निवडावा, याचा एक दाखला आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. या नव्या राज्याचा मुख्यमंत्री ठरविण्यासाठी काँग्रेस विधिमंडळ पक्षाची बैठक त्यापूर्वीच भरली होती. मोरारजी देसाई यांना निवड एकमताने हवी होती. भाऊसाहेब हिरे माघार घेईनात, तेव्हा मोरारजी बाजूस झाले. मग यशवंतराव चव्हाण व हिरे यांच्यात मतदान झाले. चव्हाणांना ३३३ मते पडली, हिऱ्यांना १११. मला महत्त्व वाटते ते या १११ मतांचे. आपल्यामागे कोण नाही, हे विजयी पुढाऱ्यास पहिल्याच दिवशी उमगले.

पुढे रीत पालटली. १९८२ साली बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले ते दिल्लीच्या शब्दाने, आणि सुमारे वर्षभरात पायउतार झाले.

मतदानाने फूट पडते, असे काही वडीलधारे म्हणतात. ती भीती अगदीच खोटी नव्हे. परंतु आपल्या मंडळात तरी काय चालते? अध्यक्षांचे नाव आदल्या रात्री तिघे-चौघे ठरवितात आणि सभेत आपण टाळ्या वाजवितो. मीही वाजविल्या आहेत. यंदा चिठ्ठ्या टाकून निवड व्हावी, अशी लेखी सूचना मी चिटणीसांकडे दिली आहे. तिला अनुमोदक अद्याप मिळावयाचा आहे.