घरी बसलेल्या वर्षाची करमणूक



वसंत व्याख्यानमालेत भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या मानाने आमचा आजचा विषय हलका वाटेल. २०२० च्या मार्चपासून पुढे वर्षभर माणसे घरी बसली, तेव्हा त्यांनी काय पाहिले, काय खेळले आणि त्यातले काय त्यांच्या मनात राहिले, हे आम्ही सांगणार आहोत. युनियनच्या माणसाने पगार, बोनस आणि कायदा सोडून सिनेमा-पत्त्यांवर का बोलावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ओघाने येईल. न आल्यास व्याख्यानानंतर प्रश्न विचारण्याची मुभा आहेच.

आधी ते वर्ष डोळ्यांपुढे आणू या. २२ मार्चचा जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत येणारी लोकल थांबली. डहाणूचे फुग्यांचे कारखाने, बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत, सरहद्दीपलीकडचे उंबरगाव आणि वापी, जिथे जिथे आमच्या दोन तालुक्यांतील माणूस हजेरी लावतो, तिथले दरवाजे एका रात्रीत मिटले. गुजरातच्या बंदरांतून बोटींवर जाणारे आमचे आदिवासी खलाशी तिकडेच अडकले. चैत्री पौर्णिमेस विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा असते. त्या वर्षी ना पाळणे फिरले, ना मिठाईची दुकाने लागली. १० एप्रिलला केंद्र सरकारने समुद्रातील मासेमारीस बंदीतून मोकळीक दिली खरी. परंतु बर्फ नाही, गाडी नाही, बाजार नाही, अशा स्थितीत धाकट्या डहाणूच्या कोळ्याने ती मोकळीक घेऊन करायचे काय? माशाला परवानगी मिळाली होती, गिऱ्हाइकाला मिळाली नव्हती.

म्हणजे ज्याला शहरातील काही मंडळी आजही ‘घरी मिळालेला निवांत काळ’ म्हणतात, तो आमच्याकडे निवांत नव्हता. पगार चालू असताना घरी बसणे ही रजा. पगार बंद होऊन घरी बसणे ही बेकारी. दोन्हींत माणूस खाटेवरच बसलेला दिसतो, पण दुसऱ्याचे लक्ष डाळीच्या डब्याकडे असते. तरीही श्रोतेहो, माणूस असा विचित्र प्राणी आहे की डबा रिकामा होत असतानाही त्याला गोष्ट हवी असते, खेळ हवा असतो. ही उणीव मानू नये. त्या गोष्टींनी आणि खेळांनीच पुष्कळांना त्या दिवसांत शहाणे ठेवले.

पहिला मान अर्थात ‘रामायणा’चा. रामानंद सागरांची ही मालिका प्रथम २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दाखवली गेली होती. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने ती पुन्हा लावली, सोबत बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ही आले. १९८७ साली आमच्या भागात वस्तीत एखाददुसरा संच असे आणि रविवारी सकाळी त्या घराच्या ओटीवर पाय ठेवायला जागा उरत नसे. घरमालक मनातून कुरकुरत असेल, पण कोणास हाकलीत नसे. २०२० मध्ये संच घरोघर होते आणि एकमेकांच्या ओटीवर जायची बंदी होती. गोष्ट तीच, बाण तेच, पण पाहणारे एकेकटे. तरी एक गंमत होती. वनवासास निघालेला राम पाहताना आमच्या एका सोबत्याची आई म्हणाली, “याला निदान चौदा वर्षे म्हणून सांगितले तरी होते!” आपला वनवास किती दिवसांचा, हे त्या वेळी कोणीच सांगू शकत नव्हते. म्हातारीच्या त्या एका वाक्यात त्या वर्षाची सारी व्यथा आली.

दुसरी आमच्या आवडीची गोष्ट म्हणजे चार्ली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’, १९३६ सालचा. बोलपट येऊन बरीच वर्षे झाली होती, तरी चॅप्लिनने हा चित्रपट जवळजवळ मुकाच ठेवला. म्हणूनच तो वारली, मांगेला, गुजराती, बिहारी, कोणीही पाहावा आणि हसावे. त्यात एक यंत्र आहे. कामगार जेवायला उठतो, त्यात कारखान्याचा वेळ जातो. म्हणून कामगारास जागेवरच भरवणारे यंत्र मालकास विकायला येते. प्रयोग चार्लीवर होतो. यंत्र बिघडते, मक्याचे कणीस तोंडावर गरागरा फिरते, सूप अंगावर सांडते. मुले पोट धरून हसतात. पण ज्याने पाळीत उभ्या उभ्या डबा खाल्ला आहे, तो हसता हसता थांबतो. त्या यंत्राचा हेतू काय? दुपारची अर्धी सुट्टी वाचवणे, म्हणजे कामगाराकडून काढून घेणे.

ही अर्धी सुट्टी आपोआप मिळालेली नाही. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्या मांडल्या. त्यांत आठवड्याची एक सुट्टी होती आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. पुढे सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आज रविवारी सकाळी चहा घेत वर्तमानपत्र वाचणाऱ्या पांढरपेशा गृहस्थासही ठाऊक नसते की त्या कपाखाली लोखंड्यांची सहा वर्षांची खटपट आहे. रविवारचे ‘रामायण’ रविवारी लागले, तेही देशाला रविवार मोकळा होता म्हणूनच.

चोप्रांचे नाव निघाले आहे, तर त्यांचा १९५७ सालचा ‘नया दौर’ही सांगितला पाहिजे. टांगेवाला शंकर, म्हणजे दिलीपकुमार, आणि मालकाच्या मुलाने आणलेली मोटार-बस यांची शर्यत त्यात आहे. तरुण पोरे म्हणतात, “काका, खरे तर बसच जिंकायची!” बरोबर आहे. परंतु चित्रपटाचे मर्म शर्यतीत नाही. शर्यतीसाठी सारा गाव रस्ता बांधायला लागतो, त्यात आहे. यंत्र येणारच, ते कोणाच्या सोयीने येणार आणि ज्याचे काम जाईल त्याच्या पोटाचे काय, हा प्रश्न १९५७ मध्ये टांग्याचा होता. आमच्या किनाऱ्यावर तो लहान होडी आणि मोठ्या यांत्रिक बोटीचा आहे.

मराठीतला आमचा आवडता चित्रपट १९७९ सालचा ‘सिंहासन’. अरुण साधूंच्या कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. त्यात सतीश दुभाषींनी डिकास्टा हा कामगार पुढारी उभा केला आहे. मंत्र्यांच्या सारीपाटावर तोही एक सोंगटी होतो आणि स्वतःही डाव टाकतो. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा हा चित्रपट पाहावा. आरशात पाहून दाढी करतात, तसा हा उपयोगी आहे.

सारीपाटाचे नाव निघाले, तेव्हा आता खेळांकडे वळू. त्या वर्षी सर्वांत अधिक खेळला गेला तो ल्यूडो, आणि तोही फोनवर. ‘ल्यूडो किंग’ हा खेळ २०१६ साली नवी मुंबईतल्या एका कंपनीने काढला होता. टाळेबंदीत तो घरोघर पोचला. लोक त्याला विलायती समजतात. वस्तुतः आपलीच पचीसी विलायतेस गेली, १८९६ साली तिथे ल्यूडो म्हणून तिची नोंद झाली आणि शंभरावर वर्षांनी ती फोनमध्ये बसून परत आली. खलाशी बंदरात अडकलेला आणि बायको पाड्यावर, पण सोंगट्या एकाच पटावर, असेही घडले. एवढ्यापुरता आम्ही त्या फोनचे आभार मानतो.

पण त्याच फोनमध्ये दुसरी वाट होती. पैसे लावून खेळायची रमी, पैसे लावून खेळायचा ल्यूडो. काम गेलेला तरुण प्रथम वीस रुपये लावतो, मग दोनशे, मग बायकोच्या बचतगटाचे पैसे. पत्त्यांच्या अड्ड्यावर निदान शेजारी ओरडतो, “ऊठ, पुरे झाले!” फोनच्या अड्ड्यावर शेजारी नसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला, हे चांगले झाले. तथापि कायद्याने दार लागते; रिकामे हात आणि रिकामा खिसा तसाच राहतो.

क्रिकेटची गोष्ट वेगळीच. त्या वर्षीची आय.पी.एल. सप्टेंबर ते नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीत झाली, मुंबई जिंकली. प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या, आणि टाळ्या-आरोळ्या मात्र ध्वनिमुद्रित! तेव्हा आम्हांस तारप्याची आठवण झाली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या वारली चित्रांतून तारपा नाच जगभर गेला. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती हातात हात घातलेली माणसे. त्या नाचात प्रेक्षकांची खुर्ची मुळातच नाही. तिथे टाळ्या ध्वनिमुद्रित करून भागत नाही. जी करमणूक विकत मिळते ती त्या वर्षी कशीबशी चालू राहिली. जी एकमेकांचा हात धरून होते, ती बंद पडली. २०२० मध्ये आमचे सर्वांत मोठे नुकसान झाले ते इथे.

आणखी एका गोष्टीचा हिशेब राहिला. घरी बसलेल्या वर्षात घरातली बाई बसली का? पुरुषांचा पत्त्यांचा डाव रंगला की तीनदा चहा कोणी केला? मुलांच्या शाळेसाठी घरात एक फोन, तो मुलाच्या हाती आला की मुलीच्या? कोळणीचा बाजार बंद होता, पण चूल दुप्पट पेटत होती. आमच्या सभांत आम्ही आठ तासांच्या कामाची घोषणा मोठ्याने देतो. स्वयंपाकघरात ती अजून पोचायची आहे. ज्या घरात बापाने भांडी घासली आणि आई ‘महाभारत’ पूर्ण पाहू शकली, त्या घराने त्या वर्षी खरी प्रगती केली, असे आम्ही मानतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १६ एप्रिल २०२० रोजी ‘रामायणा’चा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला, असे दूरदर्शनने अभिमानाने जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, १७ एप्रिलला, गुजरात सरकारने एक आदेश काढला. कारखान्यात दिवसाला बारा तास काम घेता येईल, आणि जादा तासांचा दाम दुप्पट न देता साध्याच दराने द्यावा. तलासरीचा माणूस ज्या उंबरगाव-वापीला जातो, तिथलीच ही गोष्ट. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाचे नऊ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस आणि जादा कामास दुप्पट मजुरी ठरवली होती. देश पडद्याकडे पाहत असताना पाठीमागे घड्याळाचे काटे असे सरकवले गेले. गुजरातच्या कामगार संघटना न्यायालयात गेल्या. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि जादा कामाचा कायदेशीर दाम देण्यास सांगितले.

प्रकरण तिथे मिटले असे समजू नका. ३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, जादा कामास कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगण्यात आले. संमतीचा कागद कंत्राटी कामगारापुढे ठेवल्यावर तो सही न करता उभा राहू शकेल काय, हे आपणच ठरवा. आम्ही साधे गणित करतो. बारा तास काम, जाण्या-येण्याचे तीन, झोपेचे सात, अंघोळ-जेवणाचे दोन. बेरीज चोवीस. यात ‘रामायण’ कुठे बसवावे? मुलीशी सागरगोटे केव्हा खेळावे? पाड्यावर तारपा वाजला तर पाय कुठून आणावे?

फावला वेळ ही मालकाने टाकलेली भीक नसून श्रमाच्या किमतीचाच एक हप्ता आहे. पोटासाठी पगार, तसा मनासाठी वेळ. घरी बसलेल्या वर्षाने आम्हांस शिकवले ते इतके की पगाराविना वेळ माणसाला कुरतडतो, आणि वेळाविना पगार त्याला यंत्र करतो. दोन्ही एकत्र मागितले पाहिजेत.

आणि मागून गप्प बसून चालणार नाही. दर गावात महिन्यातून एका संध्याकाळी पांढरा पडदा लावून एक चांगला चित्रपट सर्वांनी मिळून पाहावा. कबड्डीचे मैदान वाळूच्या ढिगाखाली किंवा गाड्यांखाली जाऊ देऊ नये. ग्रंथालय पाळीच्या माणसास सोयीचे व्हावे म्हणून रात्री नऊपर्यंत उघडे असावे. यांपैकी एकालाही मोठे भांडवल लागत नाही. दहा माणसे लागतात, आणि त्या दहांना एक संध्याकाळ मोकळी लागते. ती संध्याकाळ राखण्याचे काम युनियनचे, ती सजवण्याचे काम आपणां सर्वांचे.

आम्ही आपली रजा घेतो. रजा हा शब्द आमच्या तोंडी सहज येतो. तो मिळवायला मात्र फार वर्षे लागली, एवढे ध्यानी असू द्यावे.